पॉइंट ३५७ की पॉइंट ४५७?

एअर रायफल म्हटली की आपल्या डोळ्यांसमोर १० मीटरची रेंज येते. अंजली भागवत, सुमा शिरूर, २००८ मध्ये बीजिंगला सुवर्ण जिंकणारा अभिनव बिंद्रा, २०२२ मध्ये कैरोत जगज्जेता झालेला ठाण्याचा रुद्रांक्ष पाटील. नळी साडेचार मिलिमीटरची, छर्रा अर्ध्या ग्रॅमच्या आसपास. अमेरिकेत मात्र हवेवर चालणाऱ्या रायफलींचं एक वेगळंच घराणं नांदतं आहे. त्यांच्या नळ्या ९ ते १३ मिलिमीटरच्या असतात, गोळ्या ९ ते ३५ ग्रॅमच्या, आणि टार्गेट ५०, १००, कधी २०० मीटरवर. तिथल्या संघीय कायद्याच्या व्याख्येत हवेची रायफल ‘बंदूक’ ठरत नाही. आपल्याकडे साडेचार मिलिमीटरपेक्षा मोठी नळी किंवा २० ज्यूलपेक्षा जास्त ऊर्जा असली की परवाना लागतो. त्यामुळे हा प्रकार आपल्या नेमबाजांच्या हाती सहसा येत नाही.

या रायफलींबद्दल सतत विचारला जाणारा प्रश्न असा: सर्वांत अचूक कॅलिबर, म्हणजे नळीचं माप, कोणतं? माझ्या मते हा प्रश्नच अपुरा आहे. तो कुठे अपुरा पडतो हे उलगडण्यासाठी मी दोन पात्रं घेतली आहेत. मामा कोल्हापुरात १० मीटरचे नेमबाज घडवतात. भाची डॅलसजवळ राहणारी मेकॅनिकल इंजिनिअर. तिच्याकडे मोठ्या नळीच्या दोन रायफली आहेत, एक पॉइंट ३५७ इंचाची आणि दुसरी पॉइंट ४५७ इंचाची, आणि ती फक्त कागदावर नि लोखंडी पत्र्यावर मारते. पात्रं माझी, त्यांच्या तोंडचं गणित आणि कारणं कुणीही तपासून पाहावीत.

भाची: मामा, ठरलं. १०० मीटरसाठी पॉइंट ४५७ च ठेवायची. पॉइंट ३५७ विकून टाकते. मोठी गोळी वाऱ्याला दाद देत नाही.

मामा: विकायची घाई कशाला? ४५७ मध्ये काय घालतेस ते आधी सांग.

भाची: दोन प्रकार. एक ३५० ग्रेनची लांब गोळी, म्हणजे पावणेतेवीस ग्रॅमची. दुसरी शिशाची गोल गोळी, १४३ ग्रेनची, सव्वानऊ ग्रॅम. ती स्वस्त पडते.

मामा: आणि ३५७ मध्ये?

भाची: १४५ ग्रेनची, चपट्या नाकाची.

मामा: म्हणजे ४५७ ची गोल गोळी आणि ३५७ ची लांबट गोळी वजनाला जवळजवळ सारख्याच. दोन्ही एकाच वेगानं सोडल्या, तर वारा कुणाला जास्त ढकलेल?

भाची: गोल गोळीला. तिचं तोंड मोठं. ११.६ मिलिमीटर विरुद्ध ९.०७. क्षेत्रफळ १.६४ पट भरतं.

मामा: वजन तेवढंच आणि हवा अडवणारं तोंड दीडपटीहून मोठं. शिवाय आकार गोल. मग ‘मोठी गोळी वाऱ्याला दाद देत नाही’ हे कुठं राहिलं? वाऱ्याला तोंड देते ती तोंडाच्या मानानं जड असलेली गोळी. कॅलिबर वाढवलं आणि वजन नाही वाढवलं, तर तोटाच झाला की.

भाची: कबूल, पण गोल गोळीपुरतंच. ३५० ग्रेनचं काय? तोंडाच्या मानानं वजन काढलं तर ती ३५७ च्या १४५ ग्रेनच्या जवळपास दीडपट भरते. आणि वाऱ्याचं गणित तुमच्या १० मीटरच्या बंद हॉलमध्ये कधी करावंच लागत नाही. इथे ते पहिलं करावं लागतं.

मामा: कर मग माझ्यासमोर.

भाची: गोळी किती वेळ हवेत होती, यापेक्षा हवेच्या विरोधामुळे तिला किती *उशीर* झाला, यावर वाऱ्याचा ढकला ठरतो. समजा ती सेकंदाला २४० मीटरनं सुटली. विरोध नसता तर १०० मीटरला ०.४१७ सेकंद. प्रत्यक्षात ०.४३७ लागले, तर उशीर ०.०२ सेकंदाचा. आडवा वारा सेकंदाला ३ मीटर असेल तर ३ गुणिले ०.०२, म्हणजे ६ सेंटिमीटर. उशीर निम्मा केला की ढकलाही निम्मा. म्हणून मला कमी खोळंबणारी गोळी हवी. लांब, जड, आणि तिला रेटायला पुरेसं मोठं बूड असलेली.

मामा: बूड कशाला मोठं? लांब जड गोळी ३५७ मध्येही मिळते.

भाची: मिळते, पण ढकलायची कशानं? दारूच्या बंदुकीत दाब हजार बारच्याही वर जातो. माझ्याकडे टाकीत २०० बार. तो मला वाढवता येत नाही. वाढवता येतं ते बुडाचं क्षेत्रफळ. २०० बारचा पूर्ण दाब लागला, तर ३५७ च्या बुडावर सुमारे १३० किलोचा रेटा आणि ४५७ च्या बुडावर सुमारे २१५ किलोचा. हवेच्या रायफलीत मोठ्या नळीचं खरं कारण हे आहे, मामा. त्याच हवेत जास्त जड गोळी कामाच्या वेगाला नेता येते.

इथे मी भाचीच्या बाजूनं आहे. मोठ्या कॅलिबरचं समर्थन बहुतेक ठिकाणी ताकदीच्या नावाखाली होतं आणि विक्रीच्या पत्रकांवर ऊर्जेचा आकडा ठळक असतो. त्याला कायद्याचाही हातभार आहे. टेक्ससनं २०१८ मध्ये हरणांसारख्या मोठ्या प्राण्यांच्या शिकारीला हवेची रायफल मान्य केली तेव्हा अटी घातल्या त्या किमान कॅलिबर, गोळीचं वजन, वेग आणि ऊर्जेच्या. नेम किती धरतो, हे कायद्याला मोजता येत नाही. भाचीचा मुद्दा मात्र ऊर्जेच्या फुशारकीचा नाही. जड गोळी वाऱ्यात टिकते आणि हवेच्या मर्यादित दाबात जड गोळी हलवायला रुंद बूड लागतं, एवढंच ती म्हणते. हे बरोबर आहे. मामांची हरकत याच्या पुढच्या पायरीवर आहे.

मामा: तुझी टाकी केवढी?

भाची: ४९० घनसेंटिमीटर.

मामा: नळी?

भाची: ८६ सेंटिमीटर. नळीच्या पोटात ९० घनसेंटिमीटर हवा मावते.

मामा: एका गोळीमागे एवढं पोट भरायचं, तेही दाबाच्या हवेनं. किती गोळ्या मिळतात?

भाची: पूर्ण ताकदीच्या तीन. ओढून ताणून चार.

मामा: तिसरीला वेग किती उतरतो?

भाची: पहिली २५० ला गेली, तर तिसरी २४० च्या आसपास.

मामा: आता गोळी किती खाली येते त्याचं, म्हणजे पडझडीचं गणित कर. वाऱ्याचं केलंस तसंच.

भाची: हवेचा विरोध सोडून देऊ. २५० ला १०० मीटर कापायला ०.४ सेकंद, तेवढ्यात गोळी साडेअठ्ठ्याहत्तर सेंटिमीटर खाली येते. २४० ला पंच्याऐंशी. साडेसहा सेंटिमीटरचा फरक.

मामा: तू वाऱ्याचे सहा सेंटिमीटर वाचवायला ४५७ घेतलीस आणि टाकीतच साडेसहा सेंटिमीटर घालवलेस. वारा निदान झेंडी बघून ओळखता येतो. हे रायफलीच्या आत घडतं.

भाची: ५० मीटरवर हाच फरक पावणेदोन सेंटिमीटर होतो.

मामा: त्यासाठीच सांगतोय, अंतर न सांगता कॅलिबर विचारू नये. माझ्या पोरांचं बघ. छर्रा १७० च्या आसपास जातो. एखादा १६७ नं गेला तर १० मीटरवर फरक अर्ध्या मिलिमीटरहून थोडा जास्त. तुला वाटेल, काय एवढं! आमच्या टार्गेटवर दशांशाची एक पायरी पाव मिलिमीटरची असते. म्हणजे दोन पायऱ्या गेल्या. म्हणून आमच्या मॅचच्या रायफलीत रेग्युलेटर असतो. टाकीत दाब कितीही असो, व्हॉल्व्हपाशी तेवढाच जातो.

या ठिकाणी इतिहासात डोकावायला हवं, कारण ही अडचण फार जुनी आहे. १७८० च्या सुमारास ऑस्ट्रियाच्या सैन्यानं बार्थोलोमेउस गिरांडोनी या कारागिराची हवेची रायफल स्वीकारली. तिची गोळी गोल होती आणि नळी आजच्या मोठ्या नळ्यांच्याच घरातली. बाजूच्या नळकांड्यात वीसएक गोळ्या राहत. दस्ता म्हणजेच हवेची टाकी होती, आणि ती पंपाचे शेकडो हात मारून भरावी लागे. धूर नाही, आवाज कमी, एकामागून एक गोळ्या. पण प्रत्येक गोळीगणिक टाकी हलकी होत जाई आणि पल्ला आखडत जाई. १८०३ ते १८०६ या काळात लुइस आणि क्लार्क यांनी अमेरिकेचा पश्चिम भाग पालथा घातला तेव्हा त्यांच्याजवळही हवेची रायफल होती. ती गिरांडोनीच्याच घडणीची असावी असं बहुतेक अभ्यासक मानतात. आज कार्बन फायबरच्या टाक्या आहेत, बारीक झडपा आहेत. तरी पॉइंट ५० कॅलिबरच्या उमारेक्स हॅमरमधून ५५० ग्रेनची गोळी सेकंदाला सुमारे २३० मीटरनं सोडायची तर रेग्युलेटर लावूनही पूर्ण ताकदीच्या गोळ्या तीन-चारच मिळतात. बेंजामिन बुलडॉग ही ३५७ ची रायफल एका भरण्यात दहापर्यंत नेते. कॅलिबर निवडताना हा आकडा माझ्या मते ऊर्जेच्या आकड्यापेक्षा आधी पाहावा. हात आणि नजर घडते ती सलग गोळ्या मारून.

मामा: आता गोळ्यांकडे ये. ४५७ ची गोळी नळीत कशी बसते?

भाची: अंगठ्यानं ढकलली की जाते.

मामा: सहज?

भाची: एका डब्यातली सहज. दुसऱ्या डब्यातली जरा जोर लावून. दोन्ही डब्यांवर पॉइंट ४५ च लिहिलंय.

मामा: आमच्याकडे डब्यावर ४.४९, ४.५०, ४.५१ असे आकडे असतात, आणि शंभरावा भाग इकडचा तिकडं झाला तर पोरं डबा परत देतात. तुझ्याकडे नुसतं ‘पॉइंट ४५’?

भाची: त्या नावाखाली बरंच काही येतं. पिस्तुलाची गोळी पॉइंट ४५२ ची, जुन्या रायफलीची ४५८ ची. मधला फरक ०.१५ मिलिमीटर. माझी नळी ४५७ ची. ४५२ घातली तर हवा बाजूनं निसटते आणि गोळी खाचांना नीट धरत नाही. ३५७ चंही तेच. ९ मिलिमीटर पिस्तुलाची गोळी ३५५, रिव्हॉल्व्हरची शिशाची ३५८.

मामा: नळी मोजलीस?

भाची: मऊ शिशाची गोळी नळीतून आरपार ढकलून मायक्रोमीटरनं मोजली. खाचांच्या तळाइतकी, किंवा इंचाचा हजारावा भाग मोठी, अशी गोळी हवी.

मामा: आणि शिसं?

भाची: शुद्ध, मऊ. दारूच्या बंदुकीत जास्तीच्या दाबानं गोळीचं बूड फुगून नळीला घट्ट बसतं, त्यामुळे कथील, अँटिमनी मिसळलेलं कडक शिसंही चालून जातं. माझ्या २०० बारला ते फुगवणं जमत नाही. म्हणून माप आधीच बरोबर असायला हवं आणि धातू मऊ. बुडाला पोकळी असलेली गोळी थोडी मदत करते, कारण पातळ कडा हवेनं पसरते.

मामा: घरी ओततेस का?

भाची: हो, उघड्यावर, वारा पाठीशी घेऊन. नंतर हात धुवून मगच खाणंपिणं. ओतीव गोळीत कधी हवेचा बुडबुडा राहतो, म्हणून प्रत्येक तोलते. यंत्रात दाबून घडवलेल्या गोळ्या जास्त एकसारख्या असतात, पण महाग.

मामा: वजन तोललंस, चांगलं केलंस. पण बुडाची कड बघतेस का? नळीतून बाहेर पडताना हवा शेवटची सुटते ती बुडाच्या कडेवरून. कड एका बाजूला टवका उडालेली असेल, तर गोळीला तिरका झटका बसतो. तो वजनकाट्यावर दिसत नाही.

भाची: हे मी बघत नव्हते. आता भिंग घेईन.

पुढचा वाद पिळावरून, म्हणजे नळीतल्या खाचांच्या वळणावरून झाला. सगळ्या लेखात मला तोच सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण ‘कोणतं कॅलिबर’ या प्रश्नात पीळ कुणी विचारतच नाही. साडेचार मिलिमीटरच्या छर्ऱ्याची कंबर बारीक, डोकं भरीव आणि मागचा झगा पोकळ असतो. वजन पुढे आणि हवेचा अडथळा मागे, त्यामुळे तो आपोआप तोंड पुढे ठेवतो. नळीतल्या खाचांनी दिलेली गिरकी त्याला पूरक ठरते. लांब भरीव गोळीला अशी सोय नाही. तिचा सगळा भरवसा गिरकीवर, भोवऱ्यासारखा. गिरकी कमी पडली की ती डुलते. गोळी जेवढी लांब तेवढी जास्त गिरकी लागते, म्हणजे खाचांचा पीळ जास्त घट्ट हवा. वुलिचच्या तोफखाना विद्यालयात शिकवणारे गणितज्ञ जॉर्ज ग्रीनहिल यांनी १८७९ मध्ये याचा सोपा हिशेब दिला: व्यासाचा वर्ग गुणिले १५०, भागिले गोळीची लांबी. उत्तर येतं तेवढ्या अंतरात गोळीचा एक पूर्ण फेरा व्हायला हवा.

भाची: ११.६ मिलिमीटरची गोळी २० मिलिमीटर लांब असेल, तर साधारण एक मीटरला एक फेरा पुरतो. तीच २५ मिलिमीटर लांब केली की ८० सेंटिमीटरला एक फेरा हवा. पीळ नळीत एकदा कापला की बदलत नाही. म्हणजे नळीनंच गोळीची कमाल लांबी ठरवून टाकलेली असते.

मामा: मग ‘जितकी जड तितकी बरी’ हेही नाही चाललं. एकाच कॅलिबरमध्ये जड म्हणजे लांब.

भाची: हो. आणि नाकाचा आकारही मोजायचा. चपट्या नाकाची गोळी त्याच वजनाच्या टोकदार गोळीपेक्षा आखूड असते. तिला कमी पीळ पुरतो, ती सांभाळायला सोपी. पण हवा जास्त अडते.

मामा: कागदावर भोकं कशी पडतात तुझी?

भाची: ३५० ग्रेनची गोल. एकदा ४३० ग्रेनची मागवली होती, तिची लांबोळी पडली.

मामा: लांबोळं भोक म्हणजे गोळी आडवी होत चालली. ती डबी बाजूला ठेव. तिच्यावर हवा वाया घालवू नको.

भाची: मामा, पण एक सांगू? तुम्ही १० मीटरचे नियम जसेच्या तसे माझ्यावर लादताय. तुमचा छर्रा ठरलेला, अंतर ठरलेलं, छत डोक्यावर. तुमचा शोध चांगला लॉट निवडण्याचा. माझा शोध वेगळा आहे. वारा मोजायचा, पडझड मोजायची, आणि दर वेळी भरलेली हवा. तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिकला ५० मीटर प्रोनमध्ये जगज्जेती झाली, स्वप्नील कुसाळेनं २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटरचं कांस्य आणलं. दोघंही कोल्हापूरचीच. त्यांनाही वारा वाचावाच लागला असेल ना?

मामा: लागतो. पण त्यांच्या काडतुसात दारू कारखान्यात मोजून भरलेली असते. तुझी हवा तू भरतेस. म्हणून तुझ्यासाठी नियम जास्तच कडक हवेत. तीन गोळ्या मारून ग्रुपचा फोटो पाठवतेस, तो मला काहीच सांगत नाही. तीन गोळ्यांचा ग्रुप जवळजवळ नेहमी लहानच दिसतो. पुढच्या सात गोळ्या आल्या की तो पसरतो.

भाची: पण तीनच गोळ्या आहेत भरण्यात!

मामा: मग टाकी परत भर, पुन्हा तीन मार, त्याच कागदावर. पण पहिल्या गोळ्या एका रंगानं खूण कर, दुसऱ्या दुसऱ्या रंगानं, तिसऱ्या तिसऱ्या. दहा भरणी झाली की बघ. पहिल्या गोळ्यांचा एक घट्ट ग्रुप आणि तिसऱ्यांचा त्याच्या खाली दुसरा घट्ट ग्रुप, तर गोळी चांगली आहे, दोष हवेचा. सगळे रंग मिसळून उभट पसरले तर वेग एकसारखा नाही. आडवे पसरले तर वारा, किंवा तुझा ट्रिगर. आणि गोलाकार मोठा पसारा असेल तर गोळी त्या नळीला मानवलेली नाही.

भाची: हे करते. ४५७ आणि ३५७, दोन्हींवर.

मामा: ३५७ त तेवढ्याच हवेत जास्त गोळ्या निघतील. मला वाटतं १०० मीटरवर शांत हवेत तीच जिंकेल.

भाची: शांत हवा टेक्ससमध्ये पहाटे तासभर असते. उरलेल्या दिवसात ४५७ जिंकेल. यावर मी ठाम आहे.

मामा: ठाम राहा. पण व्हॉल्व्हपाशी रेग्युलेटर लावून घे.

भाची: लावला तर दाब १५० बारवर आणावा लागेल. ३५० ग्रेनची गोळी २०० च्या वेगावर उतरेल. १०० मीटरला पडझड सव्वा मीटर होईल, मामा!

मामा: होऊ दे. पडझड ठरलेली असली तर स्कोपवर क्लिक देता येतात. पहिल्या आणि तिसऱ्या गोळीतला चढउतार क्लिकनं नाही भरून निघत.

भाची: अंतर पाच मीटरनं चुकलं तरी गोळी वरखाली जाईल, एवढ्या वाकड्या वाटेनं.

मामा: कागद तुझा ठरल्या जागी आहे ना? अंतर मोजून लावलेलं?

भाची: आहे. लोखंडी पत्रे नाहीत.

मामा: मग आधी कागद.

भाची: ठीक. पण रेग्युलेटरवर पैसे घालण्याआधी मी टाकी १५० लाच भरते, एकेक गोळी मारते आणि प्रत्येक वेळी परत १५० ला आणते. रेग्युलेटर लावल्यावर काय होईल ते साधारण कळेल. त्या वेगाला गिरकी पुरते का, तेही भोकांवरून दिसेल.

मामा: प्रत्येक गोळीचा वेग क्रोनोग्राफवरून लिही. बुडाची कड तपासलेल्या गोळ्या वेगळ्या ठेव, न तपासलेल्या वेगळ्या, आणि वहीत तसंच लिही. मला आधी वेगाचे आकडे पाठव. ग्रुपचा फोटो नंतर.